डिलूची विमला

दिवाळी झाली की आमच्या कॉलेजातले वर्ग अर्धे रिकामे होतात. धान कापणीला आलेलं असतं आणि गोंदियाच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुली पंधरा-वीस दिवस दिसत नाहीत. ज्या येतात त्यांच्या बोटांवर विळ्याच्या बारीक चिरा असतात, ओढणीला तनसाची, भाताच्या पेंढ्याची, काडी अडकलेली असते. एम. ए.च्या तिसऱ्या सत्रातली ती अमेरिकन कादंबरी नेमकी याच दिवसांत शिकवायची वेळ येते. दर वर्षी येते. वेळापत्रक माझ्या हातात नाही, नाहीतर जुलैतच उरकून टाकली असती.

यंदाही आली. समोर नऊ जण बसले होते. कुडव्याहून स्कूटीवर येणारी एक मुलगी आहे, तिने विचारलं, "मॅम, निसर्गवाद मतलब जंगल, पहाड वगैरे का?"

कोणी हसलं नाही. दर वर्षी कोणी ना कोणी हे विचारतं.

"नाही," मी म्हटलं. "या लेखकांच्या लेखी निसर्ग म्हणजे माणसाच्या अंगातलं रक्त, तो जन्मला ते घर, आणि वाटेत आडवा येणारा योगायोग. या तिघांपुढे माणसाच्या इच्छेचं फारसं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं."

फळ्यावर तीन शब्द लिहिले. रक्त, परिस्थिती, योगायोग. खडू मोडला नाही, आवाज चढला नाही की उतरला नाही. तास संपला. मुलींनी वह्या मिटल्या, मी हजेरीपट घेतला आणि खाली आले. मला काही वाटलं नाही. गेली बारा वर्षं या दिवसांत मला काही वाटत नाही. आधी मी त्याला धीर समजत होते. आता काहीच समजत नाही.

स्कूटीवरून निघाले तेव्हा फुलचूरच्या पुढे हवेत धूळ होती. पूर्वी कापणीचा वास हळूहळू यायचा, आधी कापून पसरलेल्या ओल्या कडप्यांचा, मग वाळलेल्या तनसाचा. आता हार्वेस्टर एका सकाळीत पाच एकर साफ करतं आणि सगळे वास एकदमच येतात. डोळे चुरचुरतात. रुमाल बांधलेल्या बायका रस्त्याच्या कडेने चालत होत्या. सूर्य केशरी आणि थंड होता. त्या धुळीत मी घराकडे वळले नाही, मुर्रीकडे वळले. मुर्रीला माझी आई राहते.

का वळले, ते सांगायचं तर बारा वर्षांपूर्वीच्या कापणीकडे जावं लागेल.

माझा कादंबरीकार (मी त्याला मनात असंच म्हणते, पाच वर्षं मी दुसऱ्या कोणाबरोबर एवढी राहिले नाही) शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा. अमेरिकेतल्या वाढत्या शहरांतल्या गरीब माणसांवर त्याने लिहिलं. मी पीएच. डी.साठी घेतलेली त्याची मुख्य कादंबरी एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावात घडते. तिथे मासे खारवण्याचा कारखाना आहे. विल्मा नावाची एक बाई त्यात मिठाच्या पाण्यात हात घालून दिवस काढते. बाप दारूत गेलेला, आईला वेड लागलेलं. हेच आपल्याही नशिबात उतरणार, हे तिला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असतं. नवरा बोटीवर जातो तो परत येत नाही. एका हिवाळ्यात कारखाना बंद पडतो. शेवटच्या प्रकरणात विल्मा गोठलेल्या सरोवरावर चालत जाते आणि बर्फ फुटतो. लेखक कुठेही हळहळत नाही. वैद्याने नाडी पाहावी तसं पाहतो. त्याच्या या पाहण्यावरच माझा प्रबंध होता. बाईचा शेवट तिच्या रक्तात आणि घरात कसा आधीच लिहिलेला होता, ते मी दोनशे पानांत पानापानाने सिद्ध केलं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. ते डिसेंबरच्या आत हवं, असा माझ्या मार्गदर्शक सरांचा निरोप होता. म्हणून मी रजा टाकून मुर्रीला घरी आले होते.

घरी आई, बाबा आणि डिलू. डिलू म्हणजे डिलेश्वरी, माझी धाकटी बहीण. तेव्हा तेवीस वर्षांची.

डिलूला सिकलसेल होता. ती सातवीत असताना शाळेत तपासणी झाली आणि तिला लाल कार्ड मिळालं. मग आमच्या सगळ्यांच्या बोटांना सुया टोचल्या. आई, बाबा आणि मी, तिघांनाही पिवळी कार्डं. म्हणजे दोष अंगात आहे, पण आजार नाही. नर्सबाईंनी आईला समजावलं होतं की रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, विळ्यासारख्या, आणि बारीक नसांत अडकतात, म्हणून पोरीचे हातपाय दुखतात. आईने ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाली, "विळा हातात रायते तं समजते. रक्तात कसा गेला?"

दोन पिवळ्या कार्डांच्या घरात प्रत्येक मुलामागे चारात एक लाल. आम्ही दोघी होतो. माझ्या वाट्याला पिवळं आलं, तिच्या वाट्याला लाल. प्रबंधातलं आनुवंशिकतेचं प्रकरण लिहिताना हे माझ्या मनात आलं नसेल, असं कसं म्हणू? आलं होतं. पण संशोधनात घरचं आणायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं. मी आणलं नाही. त्या प्रकरणात तळटिपा भरपूर आहेत, माणूस एकही नाही.

कंबरेचं हाड झिजल्यामुळे डिलूने बी. ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. एक हात मांडीवर दाबून ती चालायची. थंडी तिला सोसायची नाही. सकाळी ऊन अंगणात आलं की मी तिची खाट बाहेर काढायची, पितळी गुंडातलं कोमट पाणी तिच्या उशाशी ठेवायची, गोळ्या द्यायची, तेल गरम करून तिचे गुडघे चोळायची. आई-बाबा पहाटेच बांधीत, धानाच्या शेतात, गेलेले असायचे. लवकर येणारं हलकं धान कापणं चाललं होतं, उशिराचं भारी धान उभं होतं. तेल चोळताना ती मला बोलतं करायची, कारण गप्प राहिलं की दुखणं जास्त ऐकू येतं, असं ती म्हणायची.

"काय लिहून राहिली व ताई एवढं?"

"एका बाईबद्दल."

"कोन बाई?"

"अमेरिकेतली. जुन्या काळची. खरी नाही, कादंबरीतली."

"खरी नाही तं पाच वर्सं कायले लिहून राहिली तिच्यावर?"

याचं उत्तर मुलाखतीत देता येतं, बहिणीला देता येत नाही. मी म्हटलं, "ऐक, सांगते." आणि तेलाच्या वाटीजवळ बसून मी तिला ती कादंबरी सांगायला घेतली. रोज एक-दोन प्रकरणं. सगळी आपल्या बोलीत. त्या इंग्रजीचे मी वर्गात आणि चर्चासत्रांत इतके तुकडे केले होते, पण सलग गोष्ट म्हणून ती कोणाला सांगितली नव्हती. विल्मा हे नाव डिलूच्या तोंडात बसेना. दुसऱ्या दिवशीच तिची विमला झाली.

डिलू ऐकायची आणि मधेच थांबवायची. मिठाच्या पाण्याने हाताला भेगा पडल्यावर ती काय लावे? तिला मैत्रीण नव्हती? कारखान्यातल्या बाया जेवायला कुठे बसत? मी म्हणायची, "ते लेखकाने लिहिलं नाही." तिसऱ्यांदा असं म्हटल्यावर ती हसली. "मंग का लिहिलन त्यानं?"

एका सकाळी मी विल्माच्या खोलीचं वर्णन सांगत होते. लेखकाने ते पूर्ण पानभर केलं आहे. ओल आलेली भिंत, फुटका दिवा, माशांचा वास. त्यात एक वाक्य आहे की दर रविवारी ती खिडकीचा पडदा धुवून पुन्हा टांगायची. लगेच पुढचं वाक्य भिंतीवर जातं.

"पडदा कोन्या रंगाचा?" डिलूने विचारलं.

"दिलेलं नाही."

"खिडकीतून का दिसे?"

"तेही नाही."

"मंग तो तिच्या घरात गेलाच नाही, ताई. दारातूनच पाहून राहिला. ओल दिसली त्याले, फुटका दिवा दिसला. घरात जाता तं त्यानं पयले पडदाच पायला असता."

मी तिला समजावू लागले. म्हटलं, त्याला तेच दाखवायचं आहे की अशा आयुष्यात माणसाच्या हाती काही उरत नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं.

डिलू खाटेवर एका कुशीवर वळली. वळताना दुखलं की ती ओठ मुडपायची, मग बोलायची. "उरते ना. मी नाही का उरली? ठरलं होतं हे मान्य. माह्यंबी थोडंफार ठरलंच आहे. पन तोवर ते बाई रोज उठत असंल, चूल पेटवत असंल, कोनाले तरी शिव्या देत असंल. ते मधले दिवस तं तिचे होते ना? तुह्या लेखकानं ते लिहिलेच नाही. त्याले मरनाचीच घाई."

माझ्या हाताला तेल होतं. मी ते पदराला पुसलं आणि आत जाऊन प्रकरणाच्या कच्च्या कागदावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहून ठेवलं. मधले दिवस. मग बाहेर येऊन तिचा दुसरा गुडघा चोळला.

दुपारी मी खोलीचं दार लावून लिहायची आणि चहाच्या वेळेला उघडायची. त्या मधल्या वेळात डिलू काय करते, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. शेजारच्या गावची मंडई आली तशी डिलू दोन दिवस आईच्या मागे लागली. मंडईत दुपारी दंडारीचं नाटक असतं, झुले असतात, आत्याच्या गावचे लोक भेटतात. आईने मला विचारलं. घरात शिकलेली मी, तिच्या औषधपाण्याचं मीच पाहायची.

"नेऊ का हिले? थंडी नाही आज."

मी डिलूच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. आभाळ स्वच्छ होतं. प्रकरणाची शेवटची सहा पानं उरली होती आणि घरात एक पूर्ण दिवस कोणी नसणार होतं. मी म्हटलं, "ने. स्वेटर घालून ने."

मी आधी कपाळाला हात लावला की आधी त्या सहा पानांचा विचार केला, हे मला आठवत नाही. आठवावं म्हणून मी खूप प्रयत्न केला आहे.

दोघी ऑटोने गेल्या, दिवस मावळायच्या आत परत आल्या. डिलू थकली होती आणि खूश होती. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. नेहमीचं दुखणं हातापायांत आणि पाठीत असायचं, ते आम्हाला ओळखीचं होतं. हे तसलं नव्हतं. बाबा बांधीतून तसेच चिखलाच्या पायांनी आले. गोंदियाला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तिला, चहा मागितला. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. वॉर्डात तेव्हा फरशी पुसणं चाललं होतं. पुसणाऱ्या बाईने आमच्या खाटेजवळ येऊन हात थांबवला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बादली उचलून ती दुसऱ्या टोकाला गेली. फिनाइलचा वास आणि ओल्या फरशीवर पडलेली खिडकी. मला तो दिवस एवढाच आठवतो.

डॉक्टरांना मी व्हरांड्यात गाठलं. विचारलं, "मंडईमुळे झालं का?"

"कौन-सी मंडई?"

मी सांगितलं. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, हिंदीत बोलायचे. म्हणाले, "मॅडम, नहीं जाती तो भी हो सकता था. नहीं भी होता. ऐसे में कोई बता नहीं सकता. वजह मत ढूंढिए."

मी पाच वर्षं एका बाईच्या मरणाची कारणं शोधत बसले होते. ती मला सापडलीही होती, प्रकरणवार. इथे ज्याला ठाऊक असायला हवं तो माणूस म्हणत होता की सांगता येत नाही. मी "बरं" म्हटलं. कागदांवर सह्या केल्या.

लोक येत होते, बसत होते. आई रडत होती, बाबा अंगणाच्या कडेला उकिडवे बसून होते. मला रडू आलं नाही. आत्या म्हणाली, "पोरीले मोकळी होऊ द्या, तिच्यापाशी बोला." लोक बोलले, पण काही झालं नाही. भारी धान उभंच होतं. ते तर कापावंच लागतं. तेराव्याच्या आतच बायका पुन्हा विळे घेऊन आल्या. त्यांच्या विळ्यांचा आवाज लांबून यायचा, खसखस, खसखस. मी खोलीचं दार लावलं आणि राहिलेली सहा पानं लिहिली. ती पानं चांगली झाली आहेत. अजूनही वाचली तर एक शब्द बदलावासा वाटत नाही. लिहिताना कोपऱ्यातले ते दोन शब्द दिसले. मी त्यांचा एक परिच्छेद केला. कादंबरीकार आपल्या नायिकेला शेवट देतो, पण तिचे मधले दिवस तिच्यापासून काढून घेतो, आणि त्यामुळे त्याची नियतीही अपुरी राहते, अशा अर्थाचा. चांगल्या इंग्रजीत. तळटीप दिली नाही. तिथे काय लिहायचं असतं? डिलेश्वरी, मुर्री, खाटेवर, तेल लावताना?

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या विद्यापीठातून एक वयस्क परीक्षक आले होते. मऊ बोलायचे. नेहमीचे प्रश्न झाल्यावर त्यांनी प्रबंध शेवटाकडे उघडला. त्या पानावर त्यांनी चिठ्ठी लावली होती.

"हा एक परिच्छेद," ते म्हणाले, "बाकीच्या प्रबंधापेक्षा निराळा आहे. आधीची दोनशे पानं तुम्ही लेखकाच्या बाजूने बोलता. इथे प्रथमच कोणीतरी त्या बाईच्या बाजूने बोलतं. हे कुठून आलं?"

खोलीत चार माणसं होती. पंखा फिरत होता. मला उत्तर देता आलं असतं. दोन वाक्यांचं उत्तर होतं, आणि त्या चारांपैकी कोणी मला नापास केलं नसतं. उलट, कदाचित.

"लिहिता लिहिता सुचलं, सर," मी म्हटलं.

"वा," ते म्हणाले. "पुढच्या कामाची सुरुवात इथूनच करा."

मी पुढचं काम केलं नाही. पदवी मिळाली, कायमची नोकरी मिळाली, लग्न झालं. लग्नाआधी मुलाचं रक्त तपासून घेतलं, ते बरोबरच होतं. मी कुडव्याला राहायला आले. मुलगी झाली, तिचं कार्ड पांढरं, निर्दोष आहे. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, एक प्रत घरी कपाटात. गेल्या काही वर्षांत दोन-तीन संशोधकांनी तो परिच्छेद आपल्या लेखांत घेतला. खाली माझं नाव दिलं. ते छापलेलं नाव मी पाहिलं आणि पान उलटलं. लाज वाटायला हवी होती. तीही नीट वाटली नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपणच बोटाने दाबून पाहतो आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा लागतो, तसं काहीसं.

आता वाटतं, मला त्या कादंबरीकाराकडून हेच मिळालं असेल. जवळ जायचं, सगळं स्पष्ट पाहायचं आणि हात लावायचा नाही. हे त्याच्यावर ढकलणंही सोपंच. त्याने निदान अनोळखी बाईबद्दल लिहिलं.

तर यंदा त्या तासानंतर मी मुर्रीला गेले. आई अंगणात सूप घेऊन बसली होती, नव्या तांदळातली कणी पाखडत होती. बाबांना मळणीवरून यायला वेळ होता. मी स्कूटी लावली, हातपाय धुतले आणि तिच्यासमोर खाली बसले. काही ठरवून आले नव्हते. एकदम म्हटलं, "आई, माझ्या पुस्तकात एक वाक्य आहे. लोक वाखाणतात. ते डिलूचं आहे. मी माझं म्हणून सांगितलं."

आईचं सूप थांबलं नाही. "कोनतं वाक्य?"

मी सांगितलं, आपल्या बोलीत, जसं ती बोलली होती तसं.

"हो," आई म्हणाली. "असंच बोले ते." थोडे तांदूळ तिने टोपलीत ओतले. "तुले तवा सुदच कुठं होती."

"होती, आई. तीच तर होती."

तिने सुपातली कणी बाजूला सारली. मग म्हणाली, "आखीन का का म्हने तुले ते?"

मी आठवू लागले. पडद्याचं सांगितलं. मधल्या दिवसांचं सांगितलंच होतं. ती 'मी नाही का उरली' म्हणाली ते सांगितलं. आणि संपलं. वीस-बावीस सकाळी मी तिचे गुडघे चोळले, ती बोलत राहिली, आणि माझ्याजवळ तेवढंच होतं जेवढं त्या प्रकरणात बसत होतं. बाकीचं मी ऐकलंच नव्हतं. 

आईने सूप खाली ठेवलं. "आमच्यापाशी तं तिची विमलाबाई पूर्णच आहे," ती म्हणाली.

"कोण विमलाबाई?"

"तुहीच ना. मच्छीले मीठ लावे ते. तू दुपारी दार लावून बसस. डिलू लंगडत लंगडत बांधीच्या पारेवर ये. आमी बाया जेवाले बसलो की कथा सांगे. रोज थोडी थोडी. कापनीच्या बाया हातातला घास हातात ठेवून ऐकत."

मी विचारलं, "ती काय सांगायची?"

आईला सगळं पाठ होतं. विमलाबाईची शेजारणीशी मांजरीवरून भांडणं होत, माशांची मुंडकी कोणाच्या मांजरीला द्यायची यावरून. तिला शिट्टी वाजवता यायची, आणि कारखान्यातला मुकादम जवळ आला की ती वाजवून बायांना सावध करायची. एकदा बर्फावर घसरून पडली आणि उठायच्या आधी पडल्या पडल्या स्वतःलाच हसली. हाताच्या भेगांना ती मेण लावायची. तिला एक मैत्रीण होती, तोतरी, आणि ती गाताना मात्र तोतरायची नाही. यातलं एकही वाक्य मूळ कादंबरीत नाही. चारशे पानांत कुठे नाही. मी शपथेवर सांगू शकते, ती चारशे पानं मला जवळजवळ पाठ आहेत.

"मंग बाया हसत?" मी विचारलं. आईशी बोलताना मी तिच्या बोलीत कधी सरकले ते कळलं नाही.

"हसत म्हंजे! एकीच्या तं नाकात पानी गेलं."

"आणि शेवट? ती मरते, ते सांगितलं तिने?"

"ते तं पयल्याच दिवशी सांगतलन. म्हने, बायांनो, हे बाई शेवटी बरफात बुडून मरते. झालं, सांगतलं. आता ऐका."

आई उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला दिला, स्वतः प्याली. पुन्हा बसली पण सूप उचललं नाही.

"एकच राहून गेलं," ती म्हणाली. "मंडईच्या आदल्या दिवशी सांगतलन का विमलाबाई बाजारातून टोपलं घेऊन येऊन राहिली. वरून फडकं झाकलं होतं. शेजारीन पुसते, आत का आहे? विमला सांगे नाही. डिलू म्हने, उद्या सांगतो. मंग मंडई झाली. मंग दोन दिवस बाया दुसऱ्याच्या कापनीले गेल्या होत्या. मंग तं..." आईने हाताने हवेतच काहीतरी बाजूला केलं. "त्या बायांतली एक अजून भेटते मले बाजारात. तिनं मागल्या वर्सीबी पुसलन." आईने माझ्याकडे पाहिलं. "तू तं पूर्न वाचली आहेस. का होतं व त्या टोपल्यात?"

पुस्तकात टोपलं नाही. बाजार नाही, फडकं नाही, विचारणारी शेजारीण नाही. मला हे सांगता आलं असतं, आणि ते खरं असतं. आयुष्यभर मी दुसऱ्याने लिहिलेलं वाचून त्यावर लिहिलं. स्वतःहून एक काडीही त्यात टाकली नाही. टाकायची नसते. समोर आई बसली होती. बारा वर्षांत तिने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.

"बदकाची पिल्लं होती," मी म्हटलं. "दोन."

"जित्ती?"

"हो. जित्ती."

आईने थोडा विचार केला. "एवढ्या थंडीत? ठेवलन कुठं त्याइले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. काय होतंय ते मला आधी कळलंच नाही. आई जवळ सरकली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. ती वाट पाहत बसली. उत्तर तिला हवं होतं.

"चुलीच्या मागं," मी म्हटलं. "राखेजवळ. तिथं ऊब असते."

"हां," आई म्हणाली. "मंग बरं."